उघड्या चासीची किट स्पोर्ट्स कार घेताना: कामांचा क्रम आणि नेमक्या तपासण्या

बहुतेक व्यवहार उलट्या क्रमानं होतात. आधी चासी डोळ्यांत भरते, मग ॲडव्हान्स जातो, मग इंजिनाची शोधाशोध सुरू होते आणि सगळ्यात शेवटी प्रश्न पडतो की ही गाडी चालवायची कुठे. कोल्हापुरात हे जरा जास्तच घडतं. उद्यमनगरात लेथ आहे, शिरोलीत फाउंड्री आहे, गावात ट्रॅक आहे आणि नाद तर आहेच. त्यामुळे "जोडून घेऊ की" हे वाक्य फार स्वस्त झालंय. इथे दिलेला क्रम मुद्दाम वेगळा आहे. चासीला हात लावायची पाळी पाचव्या टप्प्यावर येते.

गाडी कोणती ते आधी स्पष्ट करू. पाइपांची जोडलेली स्पेसफ्रेम, चारही चाकांना विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात), एक किंवा दोन सीट. दारं नाहीत, छप्पर नाही, बहुधा पुढची काचही नाही. केटरहॅम सेव्हन किंवा एरियल ॲटमच्या धाटणीची म्हणा. वजन साधारण ३०० ते ६०० किलो. विकणारा चासी, विशबोन आणि ब्रॅकेट देतो, उरलेलं तुम्ही जमवायचं.

## १. कुठे चालवणार ते लिहून काढा

रस्त्यावर की ट्रॅकवर, या एका उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. घरी किंवा वर्कशॉपमध्ये जोडलेल्या गाडीला आपल्याकडे सरळ पासिंग होत नाही. नवी गाडी नोंदवायची तर फॉर्म २० सोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा रस्तायोग्यतेचा फॉर्म २२ लागतो. त्यामागे केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून, म्हणजे आपल्या जवळची पुण्याची एआरएआय, त्या मॉडेलची चाचणी झालेली असावी लागते. एका गाडीसाठी हा खटाटोप कोणी करत नाही. म्हणून ही गाडी ट्रॅकची समजूनच घ्या.

सावधान: "जुन्या स्विफ्टच्या आरसीवर चालवा, एमएच ०९ ची पाटी लावा" असं सांगणारा माणूस तुम्हाला अडकवतोय. आरसीवरचा चासी नंबर ज्या चासीचा आहे ती भंगारात गेलेली असते. तो नंबर नव्या पाइपवर ठोकणं हा सरळ गुन्हा आहे. फेरफार केलेल्या गाडीच्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार.

ट्रॅकचं ठरलं की ट्रॅकवाल्यांशी आधी बोला. कोल्हापुरातला मोहित्यांचा ट्रॅक जवळचा. कोइम्बतूरचा कारी आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक इथून साधारण हजार किलोमीटरच्या घरात. विचारायचे प्रश्न चारच: अशी गाडी सोडता का, रोल हूप (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) आणि बेल्टची अट काय, आवाजाची मर्यादा आहे का, दिवसाचं भाडं किती. कार्टिंगच्या ट्रॅकवर ५०० किलोची गाडी सोडतीलच असं नाही. मिळालेलं उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर आलं तरी चालेल.

## २. इंजिन ठरवा

चासी इंजिनाभोवती बनते, म्हणून इंजिन आधी. आपल्याकडे दोन मार्ग रुळलेले आहेत.

पहिला मार्ग बाइकच्या इंजिनाचा, म्हणजे बहुधा जुन्या केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन, सुमारे ४३ हॉर्सपॉवर. दुसरा मार्ग जुन्या मारुती स्विफ्टच्या १,१९७ सीसी पेट्रोल इंजिनाचा, सुमारे ८३ हॉर्सपॉवर. या दुसऱ्या मार्गात इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि हब असा पुढचा अख्खा संच उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवतात.

नुसत्या हॉर्सपॉवरकडे बघून फसू नका, ड्रायव्हरसकट भागाकार करा. ३२० किलोची केटीएमवाली गाडी आणि ७० किलोचा माणूस धरला तर टनामागे ११० हॉर्सपॉवर पडते. ५५० किलोची स्विफ्टवाली १३४ वर जाते. मूळ स्विफ्टमध्ये, ८७० किलो धरून, हाच आकडा ८८ येतो. म्हणजे बाइकचं इंजिनही रस्त्यावरच्या स्विफ्टला मागे टाकतं. नवख्याला तेवढं पुरे, असं आमचं मत.

बाइकच्या इंजिनाच्या अडचणी मात्र माहीत असाव्यात. रिव्हर्स गिअर नसतो. बाइक वळणात कलते म्हणून तेल सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळटाकीत, जागेवर राहतं. चार चाकांची गाडी कलत नाही, तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. सम्पमध्ये बॅफल (तेल अडवणारा पत्रा) बसवलेला आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाइकचा क्लच दुप्पट वजन ओढायला बनलेला नाही, त्यामुळे त्याच्या प्लेटा खर्चाच्या यादीत धराच.

स्विफ्टच्या इंजिनात घोळ वायरिंगचा. या इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असतो. नुसतं इंजिन घेतलं तर ते स्टार्ट होणार नाही. ईसीयू, किल्ली, इग्निशन लॉक, इमोबिलायझरचं युनिट, मीटर, थ्रॉटल बॉडी, ॲक्सिलरेटर पेडल आणि न कापलेलं पूर्ण वायरिंग हे सगळं एकाच गाडीतलं हवं. केटीएमचंही तसंच, साइड स्टँडचा आणि गाडी पडल्याचा सेन्सर राहिला तर इंजिन चालू राहत नाही, आणि महिनाभर दोष पंपाला दिला जातो.

तपासा: इंजिन गाडीत चालू असताना बघा, गाडी कापण्याआधी. स्विफ्टचं असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरं इंजिन शोधा.

## ३. किटमध्ये काय नाही त्याची यादी

विक्रेते काय देतात ते ठळक लिहितात. तुम्ही उलटी यादी मागा. सहसा न मिळणाऱ्या गोष्टी अशा: इंजिन-गिअरबॉक्स, चाकं, टायर, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, रेडिएटर आणि त्याचे पाइप, फ्युएल टँक, सायलेन्सर, सीट, बेल्ट, वायरिंग, गिअरच्या केबल आणि रंग. स्विफ्टचं इंजिन मागे गेलं की मूळ गिअर केबल पुरत नाही आणि लिंकेजची दिशाही उलटू शकते. त्यात पहिला गिअर टाकायला जाऊन भलताच पडतो. नट-बोल्ट ही किरकोळ बाब वाटते, पण ८.८ आणि १०.९ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट पूर्ण गाडीला घेतले की बिल बघून घाम फुटतो. किटच्या किमतीएवढी रक्कम बाजूला नसेल तर व्यवहार पुढे ढकला. अर्धी झालेली किट कोणी घेत नाही, घेतली तर भंगाराच्या भावात.

परदेशातून किट मागवून ड्युटी वाचवू, हा विचार सोडा. कस्टम्सच्या वर्गीकरणाच्या नियम २(अ) प्रमाणे सुटी करून आणलेली वस्तू, तिचं मूळ स्वरूप पूर्ण वस्तूचं असेल तर, पूर्णच धरली जाते. चार खोक्यांत आली तरी ती गाडीच.

## ४. बसून बघा

चासी उंचीनुसार ताणता येत नाही. ज्या हेल्मेटनं आणि बुटांनी चालवणार तेच घालून बसा. काच नसल्यामुळे हेल्मेट फुल फेस हवं, त्यात तडजोड नाही.

क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा. ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरला किंवा पाइपला घासायला नको. स्टिअरिंग पूर्ण फिरवताना बोटांची पेरं पाइपवर आपटली तर तो पेडल बॉक्स किंवा स्टिअरिंग कॉलम तुमच्यासाठी नाही. मग एक सरळ काठी मागच्या रोल हूपच्या माथ्यावरून पुढच्या हूपवर ठेवा. हेल्मेटचा माथा काठीच्या किमान ५ सेंटिमीटर खाली हवा. नसेल तर सीट खाली घेता येते का ते विचारा. हूपला वर तुकडा जोडून देतो म्हटलं तर उठून या.

खांद्याचा बेल्ट जिथे अडकतो तो आडवा पाइप खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली असावा. मागे जाताना बेल्ट आडव्या रेषेपासून १० अंशांच्या आत उतरणं उत्तम, ४५ च्या पुढे कधीच नाही. फरशीला बांधलेला बेल्ट धडकेत पाठीचे मणके दाबतो. बेल्टवरच्या एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) लेबलवर मुदत छापलेली असते, ती संपलेला बेल्ट फुकट मिळाला तरी घेऊ नका.

## ५. चासी: रंग देण्याआधी

इथे घाई करणाऱ्याचे पैसे बुडतात. पावडर कोटिंग झालेल्या चासीत काय दडलंय ते देवालाच ठाऊक. तपासणी उघड्या लोखंडावरच करायची, आणि ही अट ॲडव्हान्सच्या कागदावर लिहून घ्यायची.

पाइप. जाडी शब्दावर धरू नका. साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या नळ्या तपासणाऱ्यांकडे अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज असतं. तासाभराचं काम आहे. सगळ्या चासीवर आठ-दहा ठिकाणी मोजा, वाकवलेल्या पाइपच्या बाहेरच्या कडेला नक्की मोजा, कारण वाकवताना तिथेच पाइप पातळ होतो. मुख्य रोल हूपसाठी एफआयएचं माप ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटर, कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा. बाकीच्या फ्रेमला १ इंची, १.६ मिलिमीटर जाडीचा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला) पाइप चालतो, पण तो आयएस ३०७४ चा, म्हणजे वाहनांसाठीचा असावा. फर्निचरचा पाइप दिसायला सारखाच असतो. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. पाइपच्या कापलेल्या तुकड्यात आतून नख फिरवा, उभी शिवण लागली तर तो ईआरडब्ल्यू आहे. रोल हूपचा तुकडा तसा निघाला तर पुढचं काही बघायची गरज नाही.

सांधे. विशबोनचं प्रत्येक ब्रॅकेट जिथे दोन-तीन पाइप एकत्र येतात तिथेच असलं पाहिजे. पाइपच्या मधोमध ब्रॅकेट ठोकलेलं असेल तर ब्रेक मारताच तो पाइप धनुष्यासारखा वाकतो आणि चाकाची दिशा बदलते. इंजिन काढता यावं म्हणून चौकोन तिरक्या पाइपशिवाय सोडलेला असेल तर तिथे बोल्टनं बसणारा तिरका पाइप आहे का बघा.

वेल्डिंग. पाइपांची तोंडं माशाच्या तोंडासारखी गोल कापून बसवलेली हवीत. सपाट कापून फट वेल्डिंगनं भरली असेल तर ते वरून जाड आणि आतून पोकळ असतं. ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेलं वेल्डिंग सुंदर दिसतं, पण ताकद घासून गेलेली असते. वेल्डच्या कडेला पाइपमध्ये खाच पडली असेल तर तडा तिथूनच सुरू होणार. रोल हूप, बेल्टचे आणि विशबोनचे सांधे यांची डीपी टेस्ट करून घ्या. शिरोली किंवा गोकुळ शिरगावात कास्टिंगची तपासणी करणाऱ्या कोणालाही हे काम नवं नाही. लाल द्रव मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरा डेव्हलपर मारायचा. लाल रेघ उमटली की तडा.

सरळपणा. चासी ठोकळ्यांवर ठेवून गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं लेव्हल करा. समोरच्या डाव्या ब्रॅकेटपासून मागच्या उजव्या ब्रॅकेटपर्यंत, मग उलटा कर्ण. फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा.

जिगची परीक्षा. "जिगवर (पाइप ठरल्या मापात पकडणाऱ्या साच्यावर) बनवतो" असं सगळेच म्हणतात. विक्रेत्याच्या रॅकवरचं सुटं विशबोन मागा आणि चासीवरचं काढून ते बसवायला सांगा. बोल्ट हातानं सरकला तर जिग खरा. हातोडी किंवा टॉमी लागली तर उद्या ट्रॅकवर विशबोन वाकल्यावर नवं बसणार नाही.

## ६. सस्पेन्शन हलवून

विक्रेत्याच्या तयार गाडीचा स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर काढायला सांगा. चाक जॅकनं पूर्ण खालून पूर्ण वर न्या. टायर कुठेही लागू नये, ब्रेकचा होज ताणू नये, ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट अडकू नये किंवा सुटू नये. मग चाकाला सरळ पट्टी बांधून ३० मिलिमीटर वर आणि ३० खाली नेताना टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं चासीपासूनचं अंतर मोजा. चाक वर-खाली होताना दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वळलं तर स्टिअरिंग रॅकची उंची चुकलेली आहे. ट्रॅकवरचा प्रत्येक उंचवटा तुमच्याऐवजी गाडी वळवेल.

स्विफ्टचा संच मागे नेलेल्या गाडीत हीच परीक्षा मागच्या चाकांवर करा, आणि जास्त कडकपणे. पुढच्या नकलचा (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचा) स्टिअरिंगचा हात मागे एका रॉडनं जखडलेला असतो. त्या रॉडचं आतलं टोक विशबोनच्या टोकांशी जुळत नसेल तर मागची चाकं स्वतःहून वळतात. पुढची वळली तर हाताला कळतं, मागची वळली तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.

रॉड एंडवर (दांड्याच्या टोकाच्या बॉल असलेल्या सांध्यावर) स्प्रिंगचा भार आडवा पडतोय का तेही बघा. तो दांडा वाकण्यासाठी बनलेला नसतो, आट्यांपाशी तुटतो. रॉड एंडच्या बाहेरून मोठा वॉशर हवा, म्हणजे बॉल निघाला तरी विशबोन सुटत नाही. मधून कापून वेल्ड केलेला ड्राइव्हशाफ्ट नाकारा. ईएन २४ पोलादाचा नवा शाफ्ट, स्प्लाइन आणि हीट ट्रीटमेंटसकट, उद्यमनगरात बनतो.

## ७. ब्रेक, पाणी, पेट्रोल

मूळ गाडीचा ब्रेक बूस्टर इथे नसतो. म्हणून पेडलचा लिव्हर पाच-सहा पट आणि मास्टर सिलिंडरचा बोअर मूळपेक्षा लहान हवा, नाहीतर पाय दुखतो आणि गाडी थांबत नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगवेगळे मास्टर सिलिंडर आणि मध्ये दोन्हींत जोर वाटून देणारा बॅलन्स बार असलेला पेडल बॉक्स निवडा. पेडल एक मिनिट जोरात दाबून ठेवा. खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय.

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असेल तर लांब पाइपात हवा अडकते. पाण्याच्या वाटेतल्या सगळ्यात उंच जागी ब्लीड स्क्रू हवा. रेडिएटरची कॅप इंजिनापेक्षा खाली असेल आणि वर भरणी टाकी नसेल तर गाडी तिसऱ्या लॅपला तापणार, मग थर्मोस्टॅट कितीही बदला.

टँकमध्ये बॅफल, आणि टँक व ड्रायव्हर यांच्यामध्ये सलग पत्रा. भोकं पडलेला पत्रा म्हणजे पत्रा नव्हे.

## ८. कागद आणि पैसे

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा: थोडा ॲडव्हान्स, मोठा हप्ता उघड्या चासीच्या तपासणीनंतर, तिसरा सुटे भाग मोजून घेतल्यावर, शेवटचा ताब्याच्या वेळी. "पावसाळ्याआधी देतो" ही तारीख नव्हे, तारीख लिहून घ्या.

बिलावर प्रत्येक भाग वेगळा, जीएसटीसकट. चासीच्या सगळ्या सस्पेन्शन पॉइंटची मापं असलेलं ड्रॉइंग घ्या. अपघातानंतर सरळ करायला तोच एक आधार. जुन्या इंजिनासाठी विक्रीचं बिल, मूळ आरसीची प्रत, आणि टोटल लॉसची गाडी असेल तर विमा कंपनीची कागदपत्रं. इंजिन नंबर कागदाशी जुळवून फोटो काढून ठेवा. घासलेला नंबर दिसला तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

## ९. आणणं आणि पहिलं वजन

छोट्या हत्तीचा हौदा सुमारे ७ फुटांचा. ११ फुटांची गाडी त्यात बसत नाही. १४ फुटी हौद्याची आयशर बघा. पट्टे चाकांवरून बांधा. चासी खाली ओढून बांधली तर वाटभर शॉकॲब्सॉर्बर दाबलेले राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या चासीचा ताबा घेतला तर ताडपत्री आणि रस्टप्रूफ प्रायमर आधी आणा. पाइपची टोकं बंद हवीत, नाहीतर पाणी आत जातं आणि गंज आतून खातो. पंचगंगेचं पाणी चढणाऱ्या भागातलं गॅरेज यासाठी घेऊ नका.

गाडी पूर्ण झाली की उसाच्या ट्रकच्या काट्यावर तोलू नका, तो पाच-दहा किलो सहज गिळतो. मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलायचे ३०० किलोचे इलेक्ट्रॉनिक काटे भाड्यानं चार आणा, सपाट फरशीवर एका पातळीत मांडा, ड्रायव्हर सीटवर आणि टँक अर्धा. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या ४९ ते ५१ टक्के येईपर्यंत स्प्रिंगच्या कॉलर फिरवा.

पहिल्या दिवशी पाच लॅपच मारा. मग प्रत्येक सस्पेन्शन बोल्टवर मारलेली रंगाची रेघ जागेवर आहे का बघा, चाकाचे नट टॉर्क रेंचनं पुन्हा कसा आणि बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाखाली) हात फिरवून तेल लागतंय का ते पाहा.